खाचखळग्यांतून चालणारा सहा पायांचा रोबो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार भागातले विद्यार्थी आणि हौशी मंडळी झुरळासारखा, विंचवासारखा, कुत्र्यासारखा चालणारा रोबो बनवायला घेतात तेव्हा साधारण हेच प्रश्न येतात. उत्तरं एका ठरावीक यंत्राभोवती दिली आहेत. त्याला सहा पाय, दर पायाला एक मोटर, पाय इंग्रजी 'सी'च्या आकाराचे, वजन ३ किलोच्या आत. नांगरलेल्या काळ्या रानात, नदीपात्रात आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गोट्यांत पहिल्या खेपेला चालून दाखवेल असं याहून सोपं यंत्र नाही.

चार मोठी चाकं लावली तर काय बिघडतं?

सपाट रस्त्यावर काहीच बिघडत नाही, उलट चाकच बरं. अडचण उंचवट्याशी येते. चाकाला स्वतःच्या त्रिज्येएवढ्या उंचीची उभी पायरी सहसा चढता येत नाही, कारण तिथे चाकाचा ढकलण्याचा जोर सरळ भिंतीवर जातो, वर उचलणारं बळ उरत नाही. १० सें.मी. व्यासाचं चाक ५ सें.मी.च्या ढेकळापाशी अडतं. पाय मात्र ढेकळाच्या वरून येऊन माथ्यावर टेकतो आणि शरीर वर ओढतो. शिवाय पायाला सलग रस्ता लागत नाही, टेकायला अधूनमधून जागा मिळाली की पुरते. रणगाड्यासारखा पट्टा हा मधला मार्ग आहे, पण मातीचे खडे पट्टा आणि चक्रीच्या मध्ये गेले की पट्टा उतरतो.

झुरळाचं एवढं कौतुक कशासाठी?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या रॉबर्ट फुल यांच्या प्रयोगशाळेत झुरळांच्या धावण्याचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. ब्लॅबेरस डिस्कॉइडालिस जातीचं झुरळ स्वतःच्या कमरेच्या तिप्पट उंचीच्या अडथळ्यांवरून धावतं, आणि तरीही त्याच्या स्नायूंना मिळणारे संदेश सपाट जमिनीवरच्या संदेशांपेक्षा फारसे बदलत नाहीत. दर पावलाला मेंदू हिशेब करत बसत नाही. धक्का सोसायचं काम पायाची लवचीकता आणि पसरट बैठक करते.

हाच धागा धरून 'आरहेक्स' हा रोबो बनला. सारानली, ब्यूलर आणि कोडिशेक यांचा त्यावरचा मूळ शोधनिबंध २००१ चा. सहा पाय, सहा मोटरी, बस्स. गुडघा नाही, घोटा नाही. या पानावरचं यंत्र त्याच जातीचं आहे. आमचं ठाम मत असं की पहिला रोबो बनवताना डोक्यापेक्षा पायावर जास्त वेळ घालवावा. पाय योग्य असेल तर वीस ओळींचा प्रोग्राम पुरतो. पाय चुकला असेल तर कितीही प्रोग्राम लिहिला तरी यंत्र पडतंच.

चार पायांचा कुत्रा किंवा सापासारखा रोबो आधी केला तर?

चार पायांच्या यंत्राला सहसा दर पायाला तीन याप्रमाणे बारा मोटरी लागतात, आणि तोल सांभाळायला सतत हिशेब करणारं नियंत्रण. एमआयटीच्या मिनी चीता रोबोचं वजन ९ किलोच्या आसपास आहे, पण त्याच्या मोटरी खास त्यासाठी बनवलेल्या आहेत. बाजारातल्या स्वस्त सर्व्होवर (सांगितलेल्या कोनात जाऊन थांबणाऱ्या छोट्या मोटरीवर) तसा कुत्रा टेबलावर चालतो, बांधावर नाही. सापाच्या यंत्राचा पाया टोकियोत शिगेओ हिरोसे यांनी १९७२ मध्ये घातला. पडलेल्या इमारतीच्या फटीत किंवा पाइपात शिरायला तो उत्तम, मात्र सांधे दहा-बारा असतात आणि प्रत्येकात धूळ जाते. व्हेग्ज हा आणखी एक प्रकार. त्यात प्रत्येक चाकाऐवजी तीन आरे असतात आणि एकच मोठी मोटर सगळे पाय फिरवते. तो सी-पायाच्या खालोखाल सोपा आहे, फक्त सपाटीवर हादरे जास्त देतो.

मोटर किती ताकदीची घ्यायची?

सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात, म्हणून गणित नीट करून घ्या.

यंत्र ३ किलोचं आणि एका वेळी तीन पाय जमिनीवर, म्हणजे दर पायावर १ किलो. पाय ११० मि.मी. पाइपचा असेल तर त्याच्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे ५.३ सें.मी. चालताना टेकलेला बिंदू कमरेच्या शाफ्टपासून (पाय जिथे शरीराला जोडलेला असतो त्या मोटरच्या दांड्यापासून) आडवा जास्तीत जास्त तेवढाच दूर जातो. म्हणजे फिरवण्याचं स्थिर बळ (वजन गुणिले अंतर) १ × ५.३, ढोबळमानाने ५.३ किलो-सेंटीमीटर. ढेकूळ निसटून तीनऐवजी दोनच पाय टेकलेले असले तर हा आकडा ८ होतो. चढ, धक्का आणि गिअरमधलं घर्षण धरून तो दुप्पट करा, १६. मोटरच्या लेबलवरचं बळ बहुतेक वेळा 'स्टॉल'चं, म्हणजे मोटर अडकून थांबते तेव्हाचं असतं. त्या बळावर काही सेकंदांत गुंडाळी तापते. म्हणून स्टॉल २५ ते ३० किलो-सेंटीमीटर असलेली मोटर हवी.

आता वेग. सगळे चालण्याचा वेग बघतात, पण मोटरचा वेग ठरतो पाय हवेतून परत आणण्यावरून. पुढे चालीच्या प्रश्नात दिलेल्या वेळापत्रकानुसार पायाला ०.४८ सेकंदात ३०० अंश फिरावं लागतं. हे मिनिटाला १०४ फेरे झाले. त्यामुळे १०० आरपीएमची मोटर कमी पडते आणि पाय उशिरा पोचतो. १२ व्होल्ट, ३७ मि.मी. व्यास, साधारण ७० पट गिअर, १५० आरपीएम आणि मागे एन्कोडर (किती फिरलं ते मोजणारा भाग) असलेली मोटर बरोबर बसते. अशी एक मोटर सुमारे २०० ग्रॅम, सहांचे १.२ किलो. ३ किलोचं बजेट कुठे जातं ते यावरून कळेल.

वर्म गिअरची मोटर टाळा. ती बाहेरून फिरवता येत नाही, मग धक्का बसला की तो पायात न मुरता थेट दातांवर जातो.

पाय कशाचे करायचे? थ्रीडी प्रिंटर नाही.

प्रिंटर नाही हे चांगलंच आहे. खान्देशात गावोगावी शेतीच्या दुकानात पीव्हीसी पाइप मिळतो आणि सी-पायासाठी तो प्रिंटच्या पायापेक्षा सरस ठरतो. ११० मि.मी. बाह्य व्यासाचा, ३ ते ४ मि.मी. जाडीचा पाइप घ्या. एक फूट पुरतो. शेताच्या कडेला दोन उन्हाळे पडलेला तुकडा मात्र घेऊ नका. उन्हाने पीव्हीसी ठिसूळ होतं आणि बोल्टच्या भोकातून तडकतं.

पाइपभोवती कागदाची सरळ कडेची पट्टी गुंडाळा, तिचं टोक टोकाला जुळलं की रेघ काटकोनात आली. त्या रेघेवर बारीक दाताच्या हॅक्सॉने २५ मि.मी. रुंदीच्या कड्या कापा. एका कडीचे दोन अर्धे, म्हणजे तीन कड्यांत सहा पाय. दोन कड्या जादा कापून ठेवा, लागतीलच. कडा पॉलिशपेपरने गुळगुळीत करा, कारण करवतीचा प्रत्येक ओरखडा म्हणजे उद्याची चीर. कमरेकडच्या टोकाला आतून-बाहेरून २ मि.मी. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या लावून दोन एम-४ बोल्टने आवळा. भोकं ४.२ मि.मी. पाडा, ती कडेपासून किमान १० मि.मी. आत असू द्या.

मग तपासणी. पायाची कमरेकडची बाजू शिकंजात धरा, पाय उभा लटकवा आणि खालच्या टोकाला पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली टांगा. ३.५ मि.मी. जाड, २५ मि.मी. रुंद पट्टीत गणिताने टोक ८-९ मि.मी. सरकायला हवं. याच्या निम्म्याहून कमी सरकलं तर पाय कडक आहे, धक्के मोटरवर जातील. पट्टी अरुंद करा. दीड सें.मी.हून जास्त सरकलं तर यंत्र डुलत चालेल. रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, पण जाडी दुप्पट केली तर आठपट. म्हणूनच जाड पाइप मजबूत म्हणून आणू नका.

पायाच्या बाहेरच्या अंगाला जुन्या सायकल टायरची नक्षीची पट्टी चिकटवा आणि दोन्ही टोकांना रिव्हेट मारा. नुसता गोंद उन्हात सुटतो.

पायाचं तोंड पुढे की पाठ पुढे?

फिरण्याच्या दिशेने फुगीर बाजू पुढे असेल तर पाय आधी पोटावर टेकतो आणि टोकापर्यंत लोळत जातो. चाल मऊ, गवत-काडी कमी अडकते. यंत्र उभं असताना फुगीर भाग मागच्या बाजूला दिसला की समजा जोडणी अशीच झाली आहे. उलट, पोकळ बाजू पुढे ठेवली तर टोक नखासारखं आधी लागतं. दगडी बांध चढायला ते फार छान, पण १६ मि.मी.च्या ठिबकच्या नळीत ते हमखास अडकतं. कापूस आणि केळीच्या रानात फुगीर बाजू पुढे ठेवा, पाय सोडवण्यासाठी उलट फिरवाल तेव्हाही आधी नळी कुठे आहे ते बघा. चालू मोटरने ओढली तर नळी ड्रिपरपाशी निसटते आणि शेतकऱ्याचं नुकसान होतं.

मधले पाय पुढच्या-मागच्या पायांना आपटतात.

एका बाजूच्या दोन कमरांत १८ सें.मी. अंतर आणि पाय जवळजवळ ११ सें.मी.; समोरासमोर आले की टक्कर होणारच. सांगाडा लांब करू नका, तो बांधाच्या माथ्यावर पोटाने टेकतो. मधल्या दोन मोटरी ३५ मि.मी. बाहेर सरकवा. त्यासाठी शाफ्टला लांब जोड देऊ नका, मोटरच ब्रॅकेटवर बाहेर न्या. हब (पाय शाफ्टवर बसवणारा तुकडा) गिअरबॉक्सला जितका चिकटून तितकं शाफ्टवरचं वाकवणारं बळ कमी. हबचा स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवर बसला आहे ना ते बघून थ्रेड लॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावा. 'एक पाय मध्येच लंगडतो' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हा सैल स्क्रूच असतो.

चाल कशी लिहायची?

पायांच्या दोन तिकड्या करा. डावा पुढचा, डावा मागचा आणि उजवा मधला ही एक. उरलेले तीन दुसरी. एक तिकडी जमिनीवर असताना दुसरी हवेत.

पाय सरळ खाली म्हणजे शून्य अंश धरा. सुरुवातीला पूर्ण फेरा १.२ सेकंदांचा ठेवा. त्यातले ०.७२ सेकंद पाय पुढच्या ३० अंशांपासून मागच्या ३० अंशांपर्यंत हळू जातो, उरलेल्या ०.४८ सेकंदात बाकीचे ३०० अंश झपकन फिरून परत येतो. दुसऱ्या तिकडीचं घड्याळ ०.६ सेकंद मागे. अशाने दर बदलाच्या वेळी ०.१२ सेकंद सहाही पाय जमिनीवर राहतात आणि यंत्र आदळत नाही. वेग सेकंदाला १५ सें.मी.च्या आसपास मिळतो.

दर १० मिलिसेकंदाला प्रत्येक पायाचा 'आत्ता कुठे असायला हवा' हा कोन काढा, एन्कोडरच्या कोनाशी फरक बघा आणि त्या प्रमाणात मोटरला जोर द्या. ३० अंशांच्या फरकाला पूर्ण जोर, इथून सुरुवात करा. पाय थरथरला तर प्रमाण कमी करा, मागे पडला तर वाढवा. हे सगळं यंत्र क्रेटवर ठेवून, पाय हवेत असताना करा. वळायचं असेल तर आतल्या बाजूच्या पायांचा ६० अंशांचा टप्पा ४० वर आणा, वेळ तीच ठेवा.

आर्डुइनो मेगा चालेल का?

मोटरींना आदेश देणारा बोर्ड म्हणून चालेल, अगदी काठावर बसतं. मेगाला बाहेरचे इंटरप्ट (सिग्नल बदलताच प्रोग्रामला लगेच कळवणाऱ्या पिना) सहाच आहेत: पिन २, ३, १८, १९, २० आणि २१. सहा एन्कोडरांचा एकेक चॅनल तिथे, दुसरा चॅनल साध्या पिनांवर. सहा ड्रायव्हरांना (मोटरला बॅटरीचा प्रवाह देणाऱ्या मॉड्यूलना) बारा पीडब्ल्यूएम, म्हणजे जोर कमी-जास्त करणाऱ्या सिग्नलच्या पिना लागतात, त्या ४ ते १३ आणि ४४ ते ४६ या तेरा पिनांतून निघतात. पण २० आणि २१ याच आय-टू-सीच्या (सेन्सर जोडायच्या दोन तारांच्या पद्धतीच्या) पिना आहेत, म्हणून कलमापक सेन्सर त्यावर जोडता येणार नाही. तो हवा असेल तर मेगाऐवजी दोन ईएसपी३२ बोर्ड घ्या, प्रत्येकाकडे एका बाजूचे तीन पाय. मात्र ईएसपी३२ ३.३ व्होल्टचा आहे. एन्कोडरची ५ व्होल्टची तार थेट लावू नका, दोन रोधांचा विभाजक लावा.

वीज दिली की पाय वेगवेगळ्या कोनांत असतात, यंत्र कोलमडतं.

एन्कोडर फक्त किती फिरलं ते मोजतो, कुठे आहे ते त्याला ठाऊक नसतं. दर हबवर छोटं चुंबक आणि सांगाड्यावर ए३१४४ हॉल सेन्सर (चुंबक जवळ आलं की कळवणारा) लावा. त्याच्या आउटपुटला १० किलो-ओहमचा पुल-अप (धन तारेला जोडलेला रोध) लागतो, तो विसरला की सेन्सर काही सांगतच नाही. सुरुवातीला यंत्र पोटावर ठेवून एकेक पाय सावकाश चुंबकापर्यंत फिरवा, तिथे मोजणी शून्य करा, मगच सहाही पायांवर एकदम उभं करा.

ड्रायव्हर जळतो, किंवा चालता चालता बोर्ड रीसेट होतो.

एल२९८एन वापरत असाल तर तो काढा. त्याची क्षमता चॅनलला २ अँपिअर, आणि त्यात दोनेक व्होल्ट स्वतःच खातो. आपली मोटर अडकली की ५ ते ६ अँपिअर ओढते. दर मोटरला एक बीटीएस७९६० ड्रायव्हर मॉड्यूल लावा.

रीसेटचं कारण बहुधा व्होल्टेज कोसळणं हे असतं. तिकडी बदलताना तीन मोटरी एकदम जोर लावतात. बोर्डाला वेगळा ५ व्होल्टचा बक कन्व्हर्टर (बॅटरीचं व्होल्टेज कमी करून देणारा) द्या, मुख्य तारांवर २२०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर लावा आणि सगळ्या ऋण तारा बॅटरीपाशी एकाच ठिकाणी जोडा. मोटरच्या दोन टोकांत ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर टाकला की एन्कोडरच्या खोट्या मोजण्या थांबतात. बॅटरीच्या धन तारेवर गाडीत असतो तसा २० अँपिअरचा फ्यूज हवाच.

काळ्या जमिनीत कधी चालवावं?

ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसून भेगाळते. दोन्ही वेळा पायाला त्रास. पावसानंतर वाफसा येईपर्यंत थांबा. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर चालवा, चपटा होऊन चिकटला तर नको. चिकट मातीत पाच-सहा पावलांत सी-पायाची पोकळी भरते, पाय जड गोळा होतो आणि मोटर तापते. यावर सेन्सरचा काही इलाज नाही.

एप्रिल-मे महिन्यांत भेगा ही अडचण. २५ मि.मी.चा पाय भेगेत उतरून पाचर बसतो आणि तसाच फिरत राहिला तर हब पिळवटतो. पायाच्या टोकाला ६ सें.मी. लांबीची आडवी रबरी पट्टी लावा म्हणजे ती भेगेवर पूल करते (मग शेजारच्या पायाला लागू नये म्हणून मधल्या मोटरी आणखी बाहेर न्या). जोडीला प्रोग्राममध्ये एक अट टाका: हवा तो कोन आणि खरा कोन यांतला फरक ६० अंशांहून जास्त झाला आणि काही काळ, समजा अर्धा सेकंद, तसाच राहिला तर तो पाय ४० अंश उलट फिरवून पुन्हा प्रयत्न करायचा.

नांगरटीच्या ढेकळांत आणि पऱ्हाटीच्या धसकटांत पाय निसटतो. इथे कोळी आणि झुरळांच्या पायांवरचे काटे उपयोगी पडतात. स्पॅग्ना, फुल आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की ९० टक्के टेकण्याची जागा काढून टाकलेल्या जाळीवरही हे प्राणी वेगाने धावतात. कोळ्याचे काटे ढकलताना ताठ राहून पकड घेतात आणि पाय उचलताना मिटतात, म्हणून गुंतत नाहीत. आरहेक्सला तसे एकाच दिशेचे काटे लावल्यावर एकही सेन्सर न वाढवता त्याची चाल सुधारली. आपल्याकडे केबल-टाय वापरा. पायावर दर २ सें.मी.ला एक आवळा, शेपूट १५ मि.मी. ठेवून तिरकं कापा, टोक मागच्या दिशेला. झिजले की बदलायचे.

गिरणेच्या किंवा तापीच्या वाळूत यंत्र जागीच खड्डा करतं.

वेग कमी करा. आरहेक्सच्याच जातीच्या 'सँडबॉट'वर २००९ मध्ये प्रयोग झाले. लांबी ३० सें.मी., वजन २.३ किलो. कठीण जमिनीसाठी ठरवलेल्या चालीने तो दाणेदार थरात जवळपास अडकून पडला. पाय फिरण्याचं वेळापत्रक बदलल्यावर सेकंदाला स्वतःच्या लांबीएवढा जाऊ लागला. कारण असं: पाय सावकाश दाबला तर वाळू घट्ट होऊन तात्पुरती टणक पायरी बनते. मागच्या पावलाने मोकळी केलेली वाळू बसायच्या आत पुढचं पाऊल आलं, तर पाय वाळू उपसत राहतो. फेरा १.२ वरून २ सेकंदांवर न्या, पाय ४० मि.मी. रुंद करा आणि ते एकमेकांना लागू नयेत म्हणून मधल्या मोटरी त्या मानाने आणखी बाहेर न्या. रुंद केल्यावर पाय ताठ होतो, तेव्हा जरा पातळ पाइप घ्या. भुसभुशीत कोरडी वाळू आणि पाण्याकाठची दमट वाळू यांची वेळापत्रकं वेगळी ठेवा.

मे महिन्यात दुपारी चालवलं तर?

चालवू नका. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि उन्हातला काळा सांगाडा त्याहून बराच तापतो. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, आणि शेतातून आणलेली बॅटरी आत त्याहून गरम असू शकते. सावलीत अर्धा-पाऊण तास ठेवा, हाताला कोमट लागेनाशी झाली की चार्जरला लावा. पीएलए या थ्रीडी प्रिंटरच्या प्लास्टिकचे छापील भाग ६० अंशांजवळ मऊ पडतात, बंद गाडीत ठेवले तर वाकडे होतात. ब्रॅकेट पीईटीजी (प्रिंटरचंच दुसरं प्लास्टिक) किंवा अ‍ॅल्युमिनियमचे करा. तीन सेलची २२०० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी साधारण २५ मिनिटं चालते. जोर असताना सेल ३.५ व्होल्टवर आला की थांबा.

कापसाच्या रानातून आल्यावर पाय जड का फिरतात?

हब आणि गिअरबॉक्सच्या फटीत कापसाचे तंतू आणि गवत गुंडाळलं जातं, मग ते आत बुशपर्यंत शिरतं. दर फेरीनंतर चिमट्याने काढा. एन्कोडरची उघडी पाटी सायकल ट्यूबच्या तुकड्याने झाका, नाहीतर काळ्या मातीची भुकटी तिच्यावर बसते.

उलटं पडलं तर?

कमरा सांगाड्याच्या जाडीच्या मधोमध ठेवा आणि सांगाडा ८ सें.मी.हून जाड करू नका. पाय पूर्ण फिरतात, त्यामुळे यंत्र पाठीवरही तसंच चालतं; प्रोग्रामला फक्त शून्य अंश १८० ने बदलायचा आणि फिरण्याची दिशा उलटवायची. वर कॅमेऱ्याचा खांब उभा केला की ही सोय जाते, हे लक्षात ठेवूनच खांब लावा.

कॅमेरा आणि एआय केव्हा जोडायचं?

यंत्र रिमोटवर, मदतीशिवाय, नांगरलेल्या रानात सलग ५० मीटर गेल्यावर. त्याआधी जोडलेला प्रत्येक ग्रॅम पायावर येतो आणि प्रत्येक बिघाडाचं कारण शोधायला आणखी एक जागा तयार होते.

शेतात याचा नेमका उपयोग काय?

३ किलोचं यंत्र फवारणी किंवा ओढकाम करणार नाही. रावेर-यावलकडच्या केळीच्या दाट बागेत दोन ओळींतून खालच्या पानांचे फोटो घेणं, ओलाव्याचा किंवा तापमानाचा सेन्सर ठरावीक जागी नेणं, फुटलेली ठिबकची नळी शोधणं, एवढी कामं त्याच्या आवाक्यात आहेत. बागेत शिरण्याआधी मालकाला विचारा. सातपुड्यात यावल अभयारण्याच्या हद्दीत चाचणी करायची असेल तर वन विभागाची लेखी परवानगी लागते.